बाटलीतलं रेझिन आणि तोंडातली प्लेट

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते, की आमच्या लॅबमध्ये पूर्वी आठवड्याला प्लास्टरचं एक पोतं संपायचं, आता महिनाभर पुरतं. कारण प्लेटा, तारा काढल्यावर दात जागेवर धरणारे रिटेनर, दात खाणाऱ्यांचे स्प्लिंट आता थ्रीडी प्रिंटरवर छापून निघतात. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवले. एक आधीच सांगते. मी डॉक्टर नाही. मिरजेत १९९४ पासून दातांच्या लॅबमध्ये काम करणारी तंत्रज्ञ आहे. दात कुठे सरकवायचे ते डॉक्टरांनी ठरवावं. पण जी वस्तू तोंडात जाते ती कशाची आहे आणि ती तशी का वागते, हे विचाराल तर तेवढं मला सांगता येतं.

ताई, मुलीच्या तारा जूनमध्ये काढल्या आणि डॉक्टरांनी प्रिंटरवर छापलेला पारदर्शक रिटेनर दिला. पहिल्या दिवसापासून ती म्हणते, कडू लागतंय. मी वास घेतला तर नेलपॉलिशसारखा वाटला. हात लावला की किंचित चिकट लागतो. डॉक्टरांकडची मुलगी म्हणाली, दोन-चार दिवसांत जाईल. घालू द्यावा का? — एक आई, चिपळूण

कडू आणि चिकट या दोन गोष्टी एकत्र असतील तर घालू देऊ नका. आजच फोन करा, रिटेनर परत द्या. मात्र दात तोवर मोकळे राहिले तर जागा सोडतात, म्हणून ‘मध्ये काय घालायचं’ हेही त्याच फोनवर विचारा.

आता कारण. रेझिन म्हणजे छापायचं द्रव प्लास्टिक. बाटलीत असतं तेव्हा ते पातळ मधासारखं वाहतं. त्यात मेथॅक्रिलेट जातीचे सुटे रेणू असतात. लेबलवर बहुतेक वेळा यूडीएमए हे नाव दिसेल. या रेणूला दोन टोकांना पकडायला जागा असते. झिम्म्यातल्या बायका आठवा. सगळ्या अंगणात सुट्या उभ्या आहेत आणि कुणीतरी टाळी दिली की हात धरायचे. टाळी देण्याचं काम प्रकाशाचं. प्रिंटरमधला ३८५ किंवा ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश पडला, की रेझिनमध्ये मिसळलेलं एक रसायन फुटतं आणि हात धरायला सुरुवात होते. बघता बघता जाळं विणलं जातं आणि पातळ मध घट्ट होतो.

पण जाळं जसजसं आवळत जातं तसतसं आतल्या बाईला हलताच येत नाही. समोर मोकळा हात दिसतो, पण तिथवर पोचता येत नाही. त्यामुळे शंभरातले शंभर हात कधीच जुळत नाहीत, कितीही चांगलं यंत्र आणा. ज्या रेणूचा एक हात धरला गेला तो बांधला गेला, तो कुठे जात नाही. दोन्ही हात रिकामे राहिलेला रेणू मात्र सुटा असतो. तो लाळेत उतरतो, आणि मुलीला कडू लागतं.

म्हणून प्रिंटरमधून निघालेली वस्तू ही पूर्ण झालेली वस्तू नसतेच. आम्ही तिला ‘कच्ची’ म्हणतो. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायची. एकदा वापरात असलेल्या अल्कोहोलमध्ये आणि मग स्वच्छ, नव्या अल्कोहोलमध्ये. मग कोरडी करायची, आणि मग प्रकाशाच्या पेटीत, बऱ्याच रेझिनना थोडी ऊब देऊन, कंपनीने सांगितली तितकी मिनिटं पक्की करायची. ऊब का, तर गरम झालं की आवळलेल्या जाळ्यातही रेणूंना थोडं सरकता येतं आणि उरलेले हात जुळतात.

तुमच्या रिटेनरचा चिकटपणा मला ओळखीचा आहे, कारण हा गुन्हा मी स्वतः केला आहे. प्रिंटर नवा होता. अल्कोहोल महाग, म्हणून तेच तेच वापरत राहिले. ते गढूळ झालं होतं, म्हणजे त्यात आधीच्या दहा-पंधरा वस्तूंचं रेझिन विरघळलेलं होतं. त्यात धुतलेल्या वस्तूवर त्याच रेझिनचा पातळ थर बसला. दिसायला चकचकीत, सुंदर. पेटीत घातली तरी तो थर पक्का होईना, कारण हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरच्या हातांना एकमेकांत गुंतू देत नाही. तो स्प्लिंट पेशंटकडून तिसऱ्या दिवशी परत आला, ‘कडुनिंब चावल्यासारखं लागतं’ असा निरोप घेऊन. तेव्हापासून अल्कोहोलच्या डब्यावर तारीख लिहिते, आणि ज्या रेझिनला लागतं ते नायट्रोजन सोडलेल्या पेटीत पक्कं करते. नायट्रोजन नसेल तर वस्तू ग्लिसरिनमध्ये बुडवून प्रकाश देतात. काम तेच, हवा दूर ठेवायची.

तेव्हा डॉक्टरांना रेझिन कुठल्या कंपनीचं, एवढंच विचारून थांबू नका. ते बहुधा चांगलंच असेल. ‘धुतलं कशात, पक्कं किती वेळ आणि कुठल्या पेटीत केलं’ असं विचारा. लॅब चांगली असेल तर उत्तर लगेच येईल. नीट धुऊन पुन्हा पक्कं केल्यावर आणि एक दिवस कोमट पाण्यात ठेवल्यावरही कडू लागत असेल तर तो रिटेनर टाकून नवा छापायचा. घरी उकळत्या पाण्यात घालू नका, आकार गेला तर तोही उपयोगाचा राहणार नाही.

जुनं अ‍ॅक्रिलिक निर्दोष होतं असंही समजू नका. पावडर आणि लिक्विड कालवून केलेल्या प्लेटमध्येही सुटा मोनोमर, म्हणजे हात न जुळलेला रेणू, उरतोच. कवळीच्या अ‍ॅक्रिलिकसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने गरम पाण्यात शिजवलेल्या प्रकाराला २.२ टक्के आणि थंड प्रकाराला ४.५ टक्के अशी मर्यादा घातली आहे. आमचे उस्ताद नवी प्लेट रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्याशिवाय डॉक्टरांकडे पाठवायचे नाहीत. तेव्हा आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय आहे.

आणि नेलपॉलिशची तुमची उपमा वाटते त्याहून जवळची आहे. साध्या नेलपॉलिशचा वास वेगळ्या द्रावकाचा, पण पार्लरमध्ये दिव्याखाली वाळवतात ते जेल आणि हे रेझिन एकाच घराण्यातले. दोन्हीत प्रकाश पडल्यावर फुटणारं जे रसायन असतं, त्यातलं टीपीओ नावाचं एक युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केलं, कारण त्याचा प्रजननावर दुष्परिणाम होऊ शकतो असं वर्गीकरण तिकडे झालं आहे. वैद्यकीय वस्तूंचे नियम वेगळे आहेत, आणि नीट पक्क्या केलेल्या वस्तूत त्यातलं बरंचसं वापरलं गेलेलं असतं. तरी कच्चा रिटेनर ‘दोन-चार दिवसांत जाईल’ म्हणून तोंडात ठेवायचा नाही, याला हे आणखी एक कारण.

मला झोपेत दात खाण्याची सवय आहे. अ‍ॅक्रिलिकचा जुना स्प्लिंट सहा वर्षं चालला. या वर्षी डॉक्टरांनी नवीन तंत्राचा म्हणून छापलेला दिला. पाच महिन्यांत मधोमध तडकला. नवीन ते सगळं कचकड्याचं का? — निवृत्त शिक्षक, सोलापूर

गुरुजी, सगळं नाही. पण तुमच्या बाबतीत मी छापलेला दिला नसता.

‘मजबूत’ हा शब्द आपण तीन वेगळ्या गुणांसाठी वापरतो आणि घोटाळा तिथे होतो. वाकवायला किती जोर लागतो तो कडकपणा. मोडेपर्यंत किती भार सोसते ती ताकद. आणि चीर पडली तरी ती पुढे न पळू देणं हा चिवटपणा. शेवग्याची फांदी हाताला जाड आणि कडक लागते, म्हणून मुलं चढतात आणि पडतात. पेरूची बोटभर फांदी नुसती वाकते. छापायच्या रेझिनमध्ये शेवग्याचा गुण येण्याची भीती जास्त.

कारण पुन्हा त्या हातांत आहे. जुन्या अ‍ॅक्रिलिकची पावडर म्हणजे आधीच तयार झालेल्या लांबच लांब साखळ्या. ताण आला की साखळ्या एकमेकींवरून थोड्या सरकतात, तेवढ्यात जोर विरतो. छापलेल्या रेझिनमध्ये बरेचसे रेणू दोन्ही टोकांनी बांधलेले, म्हणजे दाट जाळं. त्याला सरकायला जागा नाही. भार एकदाच आला तर ते छान सोसतं. पण रात्री हजारदा दात घासले गेले, की कुठेतरी केसाएवढी चीर पडते आणि ती थांबत नाही.

कंपनीचा कागद पाहिलात तर त्यावर मेगापास्कलचे मोठे आकडे असतात. ताकद आणि कडकपणा मोजायचं ते एकक. त्यांना भुलू नका. दातांच्या प्लेटांच्या प्लास्टिकसाठी आयएसओ २०७९५ या आंतरराष्ट्रीय मानकाचा दुसरा भाग आहे. त्याची चाचणी अशी: ६४ मिलिमीटर लांब, १० रुंद, ३.३ जाड पट्टी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची, मग दोन आधारांवर ठेवून मध्ये दाबायची. निदान ५० मेगापास्कल ताकद आणि निदान १५०० मेगापास्कल कडकपणा मिळाला तर पास. पाण्यात ठेवायचं हे महत्त्वाचं. हे रेझिन पाणी पितं, आणि पाणी जाळ्यात शिरलं की ते सैल होतं. मानक घन मिलिमीटरमागे ३२ मायक्रोग्रॅमपर्यंत पाणी प्यायला परवानगी देतं. तुमचा स्प्लिंट दोन घन सेंटीमीटरचा धरला तर ६४ मिलिग्रॅम, म्हणजे पाण्याचा एक थेंबच; पण तो सगळीकडे पसरलेला थेंब आहे. कोरड्या पट्टीचा आकडा छापून ‘अ‍ॅक्रिलिकपेक्षा मजबूत’ असं लिहिणाऱ्या जाहिराती मी पाहिल्या आहेत. माणसाचं तोंड कोरडं कधी असतं?

दुसरं, थर. छापलेली वस्तू म्हणजे खारी बिस्कीट. ५० किंवा १०० मायक्रॉनचे थर एकावर एक. खारी वरून दाबली तर टिकते, आडवी मुडपली तर पापुद्रे सुटतात. नीट पक्की केलेली वस्तू खारीइतकी नाजूक नसते, हे कबूल. पण यंत्रावर ती कुठल्या कोनात उभी केली यावर थर कुठल्या दिशेला येतात ते ठरतं, आणि चीर थरांच्या बाजूने गेली तर तिला वाट आयतीच मिळते. उभं छापलं की एका वेळी जास्त नग बसतात. मोह तिथे होतो. आमच्याकडे एकदा छापताना मध्येच वीज गेली. यंत्र बॅटरीवर होतं, पण ती दहा मिनिटांत संपली. वीज आल्यावर मुलाने काम तिथूनच पुढे चालू केलं. वस्तू पूर्ण झाली, बारीक रेघ राहिली होती ती पॉलिशने गेली. मी चाचणी म्हणून हाताने वाकवली तर बरोबर त्या रेघेवर दोन तुकडे.

आणि तिसरं, जाडी. संगणकावर डिझाइन करताना वरचे-खालचे दात बसावेत म्हणून मधला भाग कातरला जातो. पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाने बदलतो. दोन मिलिमीटरची दीड झाली तर कडकपणा निम्म्याहूनही खाली येतो. पडद्यावर अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच दिसत नाही.

मोडलेले तुकडे टाकू नका, डॉक्टरांकडे न्या. तडा पातळ जागी गेलाय की थरांच्या रेषेत, ते लॅबवाल्याला पाहिल्यावर कळेल. चिकटवून घेऊ नका. संगणकात फाइल आहे, नवा छापायला माप पुन्हा द्यावं लागणार नाही, आणि हा छपाईचा खरा फायदा. पण तुमच्यासारख्या जोरकस दात खाणाऱ्याला मी अ‍ॅक्रिलिकच्या तयार चकतीतून मशिनने कोरलेला स्प्लिंट सुचवेन. ती चकती कारखान्यात दाबाखाली, सावकाश पक्की केलेली असते. थर नाहीत, सुटा मोनोमर फार कमी. माप तेच, फाइल तीच. थोडा महाग पडेल.

मी मस्कतमध्ये इंजिनिअर आहे. पुण्यातल्या डॉक्टरांकडून दात सरकवणारे पारदर्शक अलाइनर घेतले. पहिले दहा शीटपासून दाबून केलेले होते, आता ते म्हणतात पुढचे थेट छापलेले देऊ, ते गरम पाण्यात घालून घालायचे. दोन्हींत नेमका फरक काय? आणि एक जुना अलाइनर गाडीत राहिला तो वाकडा झाला, तसं याचंही होईल का? — एक वाचक, मस्कत

तुम्ही इंजिनिअर आहात, तेव्हा झिम्मा आवरता घेते.

आजवर लोक ज्यांना ‘थ्रीडी प्रिंटेड अलाइनर’ म्हणत आले, त्यातले बहुतेक छापलेले नव्हतेच. १९९७ साली कॅलिफोर्नियात अलाइन ही कंपनी निघाली तेव्हापासूनची पद्धत अशी, की दातांचा साचा छापायचा, आणि त्यावर प्लास्टिकची पातळ शीट गरम करून दाबून बसवायची. शीट पीईटीजीची किंवा पॉलियुरेथेनची. हे प्लास्टिक तापलं की मऊ होतं, निवलं की घट्ट, आणि पुन्हा तापवलं की पुन्हा मऊ. पीईटीजी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण त्याच्या बरंच आधीपासून सैलावायला लागतं. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर काय होतं ते मस्कतच्या माणसाला मी सांगायला नको. शिवाय शीट ताणून बसवलेली असते. तापली की तिला पुन्हा सपाट व्हायचं असतं. म्हणून तुमचा अलाइनर वाकडा झाला.

त्या पद्धतीत दोन अडचणी आहेत. एक, शीट ०.७५ मिलिमीटरची घेतली तरी ताणल्यावर सगळीकडे तितकी राहत नाही. दाताच्या टोकावर एक जाडी, हिरडीपाशी दुसरी. दोन, शीटचा जोर विरतो. एका अलाइनरने दात साधारण पाव मिलिमीटर सरकवायचा असतो. घातल्यावर पहिल्या काही तासांतच जोर चांगलाच उतरतो आणि मग उरलेल्या जोरावर आठवडा-दोन आठवडे काढायचे असतात. वरण-भाताच्या कुकरसारखं; शिट्टी सुरुवातीला, पुढे नुसती धग.

थेट छापलेल्यात साचाच नाही. जाडी जागोजागी हवी तशी ठेवता येते. इथे मागच्या उत्तरातला घन उपयोगाला येतो: ०.५ ऐवजी ०.६ मिलिमीटर केलं की कडकपणा पावणेदोनपट. म्हणून हे दुधारी आहे. पृष्ठभागावर चिकटून राहिलेलं रेझिन आणि आत झिरपलेला प्रकाश यांमुळे छापलेला अलाइनर पडद्यावरच्यापेक्षा जाड निघतो, आणि दाताला ठरवल्यापेक्षा जास्त जोर बसू शकतो. म्हणून या रेझिनचे अलाइनर अल्कोहोलमध्ये न धुता सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून जादा रेझिन उडवतात. वॉशिंग मशिनचा ड्रायर समजा. मग नायट्रोजनमध्ये पक्के करतात.

गरम पाण्याचं कारण असं. दक्षिण कोरियाच्या ग्राफी कंपनीचं टीसी-८५ हे या कामाचं सर्वांत गाजलेलं रेझिन. त्याचं जाळं बांधलेलं आहे, पण सैल विणीचं. गरम पाण्यात ते मऊ होतं, दातांवर सहज चढतं, आणि मग छापताना जो आकार मिळाला होता तिकडे परत जायला बघतं. जाळं आपला पहिला आकार विसरत नाही. परत जाताना ते दाताला सोबत ओढतं, हळू आणि बराच वेळ. तोंडाच्या ३७ अंशांना ते खोलीतल्यापेक्षा मऊच असतं, त्यामुळे सुरुवातीचा कळ आणणारा जोर कमी असतो. शीटमध्ये हे नाही. तिची आठवण सपाट असण्याची आहे.

गाडीत राहिला तर? दबून वाकडा झालेला छापील अलाइनर गरम पाण्यात घातल्यावर बऱ्याच प्रमाणात सरळ होईल. म्हणून गाडीत ठेवा असं मी म्हणत नाही.

तुमच्यासारख्याला आवडेल अशी एक अडचण सांगते. चिवटपणासाठी लांब, जड रेणू हवेत. पण ते घातले की रेझिन काकवीसारखं घट्ट होतं, आणि प्रिंटरच्या ट्रेमध्ये ते पसरत नाही. पातळ करायला लहान रेणू मिसळले की छपाई सुरेख आणि वस्तू ठिसूळ. गेली कित्येक वर्षं सगळे या कात्रीत आहेत. व्हिएन्नाच्या क्युबिक्युअर कंपनीने ट्रेच तापवून घट्ट रेझिन छापायची पद्धत काढली, आणि २०२४च्या सुरुवातीला अलाइनने ती कंपनीच विकत घेतली. शीट दाबून मोठी झालेली कंपनी हे करते, यावरून वारं कुठल्या दिशेला आहे ते समजा.

ताई, सावजीचा रस्सा खाताना अलाइनर काढायला विसरले. हळदीचा पिवळा डाग जाता जात नाही. — नागपूर

विसरलात तर विसरलात, रस्सा तरी चांगला होता ना? हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि तेलकट गरम रश्शातून प्लास्टिकच्या आत शिरतो. म्हणून घासून जात नाही. घासलंत तर ओरखडे पडतील आणि पुढच्या वेळी रंग आणखी बसेल. साड्यांवरचा हळदीचा डाग आपण उन्हात टाकतो, कारण हळदीचा रंग प्रकाशात उडतो. तोच उपाय थोडक्यात: अलाइनर पाण्यात बुडवून थोडा वेळ कोवळ्या उन्हात. रोज नको, प्रकाशाने प्लास्टिकही जुनं होतं. ताकदीला डागाने काही होत नाही. आठवड्याने पुढचा अलाइनर येणारच आहे.

तुमचा छापलेला असेल आणि काही न खाताच पिवळसर पडला असेल तर ते वेगळं: तो रेझिनमधल्या रसायनाचा किंवा पेटीत जास्त वेळ राहिल्याचा रंग आहे.

मी नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. घरी रेझिन प्रिंटर आहे. माझा रिटेनर हरवला. परदेशात एका मुलाने स्वतःचे अलाइनर स्वतः बनवले असं वाचलं. मी ऑनलाइन मिळणाऱ्या पारदर्शक रेझिनमध्ये रिटेनर छापला तर? — एक विद्यार्थी

अरे, नको. ती गोष्ट खरी आहे. न्यू जर्सीतल्या एका विद्यार्थ्याने २०१६ मध्ये साठ डॉलरच्या आत स्वतःचे अलाइनर केले आणि जगभर बातमी झाली. पण त्याने काय छापलं? दातांचे साचे. तोंडात घातली ती साच्यावर दाबलेली शीट. रेझिन तोंडात गेलंच नाही. बातमी वाचणाऱ्यांनी हे सोडून दिलं.

खेळणी छापायच्या रेझिनमध्ये काय मिसळलंय ते बाटलीवर लिहिलेलं नसतं, आणि ते महिनोन्‌महिने लाळेत राहावं म्हणून कुणी तपासलेलं नसतं. दातांच्या रेझिनला आयएसओ १०९९३ नावाच्या चाचण्यांतून जावं लागतं: पेशी मरतात का, ॲलर्जी होते का. आपल्याकडेही २०१७च्या नियमांनी वैद्यकीय वस्तूंचे जोखमीप्रमाणे ए ते डी असे वर्ग केले आहेत. आणि समजा, तू दातांचं रेझिन आणलंस. ती परीक्षा पास झालेली असते त्या रेझिनची, ठरावीक प्रिंटरवर, ठरावीक धुलाई, ठरावीक पेटी, ठरावीक मिनिटं अशा सगळ्या कृतीची. तुझ्या घरच्या दिव्याखाली ते निकालपत्र लागू होत नाही. पुरणपोळीचं साहित्य आणलं म्हणजे पोळी झाली, असं तुझी आई म्हणेल का?

तुझ्या डॉक्टरांकडे बहुतेक तुझं शेवटचं मॉडेल किंवा स्कॅन असेल. त्यावरून नवा रिटेनर लवकर होतो. हौस भागवायची असेल तर स्वतःच्या दातांचं मॉडेल छाप आणि टेबलावर ठेव.

मी निफाडजवळ लॅबमध्ये काम करतो. डिसेंबर-जानेवारीत प्रिंट सारख्या बिघडतात, बिल्ड प्लेटवरून, म्हणजे छापताना वस्तू जिला चिकटून असते त्या पाटीवरून, सुटतात. आणि दोन महिन्यांपासून बोटांच्या टोकांना खाज आणि भेगा आहेत. मालक म्हणतात थंडीने. — एक तंत्रज्ञ

प्रिंट थंडीने बिघडतात; बोटं बहुधा नाही.

निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात तिथे रेझिन घट्ट होणारच. घट्ट रेझिन थर उचलल्यावर वेळेत खाली भरत नाही, आणि प्रकाशाने होणारी क्रियाही मंदावते. बाटली आणि ट्रे खोलीच्या उबेत आधी तासभर ठेव, पंचवीसच्या वर आल्याशिवाय काम सुरू करू नकोस. आम्ही यंत्राभोवती जाड पुठ्ठ्याची पेटी करून आत छोटा हीटर ठेवला होता. नंतर तापणाऱ्या ट्रेचं यंत्र घेतलं. बाटली चांगली हलव, तळाशी बसलेलं वर येऊ दे. आणि थंडीत छापलेली वस्तू नीट निघाली असं वाटलं तरी तिची जाळी कच्ची असू शकते, म्हणून पक्कं करताना घाई नको.

बोटांचं मात्र मनावर घे. मेथॅक्रिलेटची ॲलर्जी बोटांच्या टोकांपासूनच सुरू होते. पार्लरमध्ये जेल लावणाऱ्या मुलींना आणि आपल्या धंद्यातल्या लोकांना ती होते. एकदा झाली की ती आयुष्यभर राहू शकते, आणि पुढे स्वतःच्या दातात फिलिंग करून घ्यायची वेळ आली तरी आडवी येऊ शकते. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि तिथे ‘मी कुठल्या रसायनात हात घालतो’ हे सांग, बाटलीचा फोटो ने. लॅटेक्सचे हातमोजे यात काही कामाचे नाहीत. नायट्राइलचेही थोडा वेळच आडवतात. रेझिन लागलं की मोजा लगेच बदलायचा, दुपारपर्यंत तोच नाही. ओल्या मोज्याने मोबाइल उचलायचा नाही. हे मी रोज आमच्या पोरांना ओरडून सांगते. हातावर सांडलं तर अल्कोहोलने पुसू नकोस, त्याने ते कातडीत आणखी आत जातं. साबण आणि पाणी.

आणि एक, तू विचारलं नाहीस तरी. धुतल्यानंतरचं गढूळ अल्कोहोल मोरीत ओतत असाल तर बंद करा. ते रसायन सोसणाऱ्या पारदर्शक डब्यात, विस्तवापासून लांब, उन्हात ठेवलं की रेझिन घट्ट होऊन तळाशी बसतं. वरचं अल्कोहोल पहिल्या धुण्याला पुन्हा चालतं, शेवटच्या धुण्याला नाही. तळातला गोळा पूर्ण घट्ट झाल्यावरच कचऱ्यात जातो. मालकांना हा अंक दाखव. अल्कोहोलचे पैसे वाचतात, हे वाक्य आधी वाचून दाखव.